जिंकेल तो बसेल

“आज तू बसायचं. काल लई मारलंस. आज दुसऱ्याला जाऊ दे.”

व्हरांड्यातून हे ऐकू आलं तेव्हा मी नव्या खोलीत बॅग उघडून कपडे लावत होते. वाटलं, घरातला कुणी नातू शाळेत मारामारी करून आला असेल. आवाजात राग नव्हता, समजूत होती. मग मनात आलं, कदाचित बोकडही असेल. थोड्या वेळानं चहाला हाक आली म्हणून बाहेर गेले, तर नातूही नव्हता आणि बोकडही नव्हता. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ पायजमा-बंडीवर सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि हातातल्या राखाडी डबीशी बोलत होते. डबीतून बारीक पिपाण्यांचे आवाज येत होते. तिच्यातून निघालेली काळी वायर समोरच्या तसल्याच दुसऱ्या डबीपर्यंत गेली होती आणि त्या डबीसमोर कुणी नव्हतं.

“बसा मॅडम,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंनी मीच खेळतोय. कंटाळा आलाय. तुमाला येतंय का?”

हे माझे पहिल्या नोकरीतले दिवस, नव्वदच्या दशकाच्या अखेरचे. बारामतीच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकून, पुढे कंप्युटरचा डिप्लोमा करून मी एका क्लासमध्ये लागले होते. इंदापूर तालुक्यातल्या एका लहानशा गिअर कारखान्यात ड्राफ्ट्समन लोकांना कंप्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकवायचं काम त्या क्लासला मिळालं आणि मला तिकडे पाठवण्यात आलं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं बारामती गाठायची, सोमवारी पहाटे परत. बाकी दिवस राहायचं या काकांच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये परक्याला ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून वसाहतीच्या दृष्टीनं मी काकूंची भाची होते. काका माझे विद्यार्थीही होते. ट्रेनिंग रूममध्ये मी आत आले की ते उभे राहायचे आणि ‘मॅडम’ म्हणायचे. आठवडाभरानं घरी मात्र मी ‘पोरी’ झाले. या दोन हाकांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

त्या डब्या जपानच्या. कारखान्यात तिकडून एक मशीन येणार होतं, त्याची ड्रॉइंगं समजून घ्यायला काकांना काही महिने पाठवलं होतं. बरोबर गेलेल्यांनी कॅमेरे आणले, टेपरेकॉर्डर आणले, बायकांना जपानी जॉर्जेट आणलं. काकांनी आणले दोन जुने व्हिडिओ गेम आणि त्यांना जोडायची वायर. तिथल्या हॉस्टेलात स्वयंपाक करणाऱ्या बाईंची मुलं संध्याकाळी जिन्यात बसून हा खेळ खेळायची. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. “तितं बोलायला कोण न्हवतं,” ते सांगायचे. “ह्यात बोलावंच लागत न्हाय.” काकू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, “सगळ्यांच्या बायकांना साड्या आल्या. मला राक्षस आले.”

राक्षसच होते ते. खेळ असा, की प्रत्येकानं आपापल्या डबीतून तीन विचित्र जनावरं निवडायची आणि वायरीनं जोडलेल्या दोन पडद्यांवर ती एकमेकांशी लढवायची. आपली पाळी आली की एक तर वार निवडायचा, नाहीतर जनावर बदलायचं. कुणाच्या अंगात आग, कुणाच्या पाणी, कुणी झाडपाल्याचं. पाणी आगीला भारी, आग पाल्याला भारी, पाला पाण्याला भारी. ज्याची तिन्ही जनावरं आडवी झाली तो हरला. एवढं कुणालाही पडद्याकडे बघून समजायचं. बाकी सगळी अक्षरं जपानी. ती काकांनाही येत नव्हती. त्यामुळे कुठल्या जनावराचं खरं नाव काय, कुठला वार नेमका काय करतो, हे आम्हाला मार खाऊन आणि मार देऊनच शिकावं लागलं.

नावं घरचीच. शेपटीत आग असलेली ‘भट्टी’. काटकुळं, पानं फुटलेलं ‘चिपाड’. जांभळा चिकट गोळा ‘मळी’. एका पायावर उभा राहणारा लांब मानेचा गुलाबी पक्षी होता, त्याचं नाव ‘भिगवण’, कारण भिगवणला धरणाच्या फुगवट्यावर थंडीत तसले पक्षी उतरतात. अंगातून भुकटी उडवून समोरच्याला झोपवणारा तो ‘झोपव्या’. आणि सगळ्यांच्या वर ‘साहेब’. मोठ्या कपाळाचा, हात न हलवणारा. त्याच्यावर कुठल्याच जातीचा वार नीट लागायचा नाही आणि त्याचा मात्र सगळ्यांना लागायचा.

“बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय, समोरचा आपोआप खाली,” काका म्हणायचे. “म्हणून साहेब.”

खेळायला आम्ही चौघं. काका, काकू, मी आणि संपत. संपत काकांच्याच ड्रॉइंग ऑफिसातला, वयानं पंधरा-वीस वर्षांनी लहान, घरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली. पूर्वी त्या ऑफिसात बोर्डांची रांग होती. एकेक जण रिटायर होत किंवा सोडून जात शेवटी हे दोघंच उरले होते. ड्युटी सुटली की संपत हातपाय धुऊन सायकलवर यायचा. मी येण्याआधी त्यांच्यात म्हणे एकच भांडण चालायचं, साहेब कुणाच्या वाट्याला. ज्याच्याकडे साहेब, तो जिंकला. संपतचं म्हणणं, साहेबाला खेळातूनच काढून टाका.

काका तयार झाले नाहीत. त्यांचं उत्तर मी नंतरही अनेकदा ऐकलं. एकाला काढला की त्याच्या खालचा साहेब होतो. मग त्यालाही काढायचा. असं करत करत शेवटी दोन चिपाडं उरतील आणि त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा जाड निघेल. म्हणून त्यांनी काढायची रीत ठेवली नाही, बसवायची ठेवली. ज्या जनावरानं शेवटचा वार करून डाव जिंकून दिला, ते पुढच्या आठवड्यापर्यंत बसायचं, कुणाकडूनही खेळायचं नाही. साहेब जिंकला की साहेब बसला. मग भट्टी जिंकायची, ती बसायची. गुरुवार-शुक्रवारपर्यंत सगळी दांडगी बसलेली असायची आणि खेळ येऊन ठेपायचा मळी, चिपाड असल्यांवर. तेच दिवस खरे मजेचे असायचे. कुणाला काहीच हुकमी जमत नसायचं. चिपाडानं मळीला पाडलं की काका मांडीवर थाप मारायचे.

ही रीत त्यांनी कुठून आणली, ते एकदा भाकरी खाताना सांगितलं. ते मूळचे पिंपळीचे. आता घरची शेती, पण त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. वडील पाला टाकायच्या आधी सगळ्यात तगडा एडका खुंट्याला बांधायचे. तो मोकळा असला की बाकीच्यांना तोंड घालू द्यायचा नाही. दुबळ्यांचं खाऊन झालं की मग त्याला सोडायचं. “त्याला उपाशी ठेवायचं न्हाय,” काका म्हणाले. “नुसतं थांबवायचं.”

काकूंमुळे आणखी एक नियम जन्माला आला होता. काकू झोपव्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावायच्या नाहीत. समोरचं जनावर आलं की आधी भुकटी, ते झोपलं की सावकाश बदडायचं. दुसरं आलं, तेही झोपलं. संपतची तिन्ही जनावरं घोरत पडलेली आणि काकू पाय पसरून शेंगा सोलतायत, मधेच एक बटण दाबतायत, असं दृश्य मी पाहिलंय. संपत वैतागून म्हणाला, “काकू, हे खेळणं न्हाय. हा खून हाय.”

“झोपल्याला मारायला ताकद लागत न्हाय,” काकू म्हणाल्या, “म्हणून तर मी खेळतीय.”

दुसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं, एका वेळी एकच झोपलेला. तो जागा झाल्याशिवाय दुसऱ्याला झोपवायचं नाही. काकूंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि शेंगांचं सूप उचलून आत गेल्या. दोन दिवस त्या खेळल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि त्या नियमातही जिंकल्या.

संपतचा खेळ याच्या उलटा. सगळ्यात चपळ जनावर घ्यायचं, पहिला वार आपला, तोही सगळ्यात जड. त्याचं जनावर शेवटचा श्वास मोजत असलं तरी तो ते बदलायचा नाही. बदलणं म्हणजे त्याला पळून जाण्यासारखं वाटायचं. पाच मिनिटांत जिंकायचा नाहीतर तीन मिनिटांत हरायचा, आणि दोन्ही वेळा घाम पुसायचा.

मला सुरुवातीला वार करायचाच संकोच वाटायचा. चित्रातलं जनावर, तरी. काकांच्या समोर बसून काकांच्या भिगवणला मारायचं म्हणजे अवघडल्यासारखं व्हायचं. म्हणून मी माझ्या पाळीला भलतंच बटण दाबत राहायचे. काही जनावरांकडे एक असा डाव होता की तो निवडला की ते जागच्या जागी थरथरायचं. बस, एवढंच. समोरच्याला काही व्हायचं नाही. आम्ही त्याला ‘हुडहुडी’ म्हणायचो आणि वाया गेलेली पाळी समजायचो. मी दोन-तीनदा हुडहुडी घेतली की संपत विचारायचा, “मॅडम, तुमच्या जनावराला स्वेटर आणू का?”

मी पडद्याकडे बघत असायचे. माझ्या लक्षात आलं की दोन-तीन हुडहुड्यांनंतर समोरचा तोच वार येतो आणि माझ्या जनावराची ताकद दाखवणारी पट्टी पहिल्यासारखी घसरत नाही. नुसती चाटल्यासारखी कमी होते. ते थरथरणं म्हणजे अंग टणक करणं होतं. मग मी तसंच खेळायला लागले. आधी थरथरायचं, समोरच्याला थकू द्यायचं, शेवटी साधे, बारीक वार. एक डाव अर्धा तास चालायचा. संपत जांभया द्यायचा आणि हरायचा.

काकांनी माझं जिंकलेलं जनावर बसवलं. मी दुसरं घेतलं. तेही बसवलं. मी तिसऱ्या, अगदी टाकाऊ जनावरावर तसंच जिंकले. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून बंडीला पुसला.

“जनावराला बसवता येतंय,” ते म्हणाले. “सवयीला कसं बसवायचं?”

दोन दिवस त्यांनी विचार केला आणि नियम आला, एका डावात हुडहुडी दोनदाच. कारण सांगितलं नाही, त्यामुळे त्या थरथरण्यात काय आहे ते संपतला समजलं नाही. मला मात्र समजलं की काकांना समजलंय. मी मान डोलावली आणि त्यानंतर बरेच दिवस हरत राहिले. राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी असं सापडलं होतं, जे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते पुरतं खेळून बघायला मिळालं असतं तर कुठवर गेलं असतं, कुणास ठाऊक. साहेबासमोर टिकलं असतं का? ते बघायचं राहून गेलं. इतक्या वर्षांनी ही रुखरुख सांगायला हसू येतं, पण आहे.

त्या वेळी माझ्या वतीनं बोलला तो संपत, आणि तोही स्वतःच्याच कारणानं. त्याचं सगळ्यात लाडकं जनावर तिसऱ्यांदा बसलं होतं.

“काका, तुमी खेळू देत न्हाय. नुसतं तोलत बसता.”

“तोललं न्हाय तर उद्या येशील व्हय तू?” काकांनी विचारलं. “आठ दिवस सलग हरलास की घरी बसशील. ही पोरगी खोलीचं दार लावून घेईल. मग मी कुणासंगं खेळू?”

त्यावर संपतनं आपली डबी पुन्हा हातात घेतली. मी काकांकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागले. या माणसाला जिंकायचं नव्हतं. हरायचंही नव्हतं. चारही जणांनी रोज संध्याकाळी सतरंजीवर यावं, एवढ्यासाठी हा एवढा खटाटोप.

घराबाहेरही तेच. वसाहतीच्या क्लबात कॅरमच्या स्पर्धेत मागच्या वर्षी जिंकलेल्यानं डाव्या हातानं खेळावं, अशी सूचना त्यांनी भर सभेत मांडली होती. ती हसण्यावारी गेली, पण स्वतः मागच्या वर्षीचे विजेते असल्यामुळे काका डाव्या हातानं खेळले आणि पहिल्याच फेरीत बाद झाले. लग्नाच्या पंगतीत वाढायला घेतलं की ते शेवटच्या टोकाकडून सुरुवात करायचे, आणि मधेच आमटी संपली की मानाच्या पाहुण्यांकडून बोलणी खायचे. वालचंदनगरच्या बाजारात ते भाजी घ्यायचे ती कोपऱ्यातल्या, गिऱ्हाईक नसलेल्या म्हातारीकडून. ती वांगी किडकी असायची. काकू ती निवडताना बोलायच्या, “त्या म्हातारीला बरोबरीत आणायचंय ह्यांना. किडं आमच्या ताटात.”

मी फार बोलत नसे, म्हणून लोक माझ्यासमोर सैल असत. असंच बघता बघता काकांची एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खरोखर अडले की ते गप्प व्हायचे. ओठ मिटलेले, अंगठा बटणावर, श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. पण कधी कधी डाव पुरता त्यांच्या हातात आलेला असायचा, एका वारात संपेल असा. तेव्हा ते मागे रेलायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “आता काय सुचंना बुवा.” आणि भलतंच जनावर पुढे करून हरायचे. समोर बहुधा तो असायचा जो त्या आठवड्यात सगळ्यात जास्त हरलेला आहे. नियमांनी जेवढं तोलता येत नव्हतं, तेवढं ते स्वतःच्या हरण्यानं भरून काढत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्यासमोर त्यांनी तसं केलं की मात्र जिंकूनही तोंड कडू व्हायचं.

कोर्स अर्ध्यावर आला असताना कारखान्यातून बातमी आली. ड्रॉइंग बोर्ड बंद होणार. कंप्युटरवर एकच माणूस पुरेल. कोर्सच्या शेवटी परीक्षा, तीत जो वर येईल तो राहील. दुसऱ्यानं स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि क्वार्टर सोडायचं. दुसरा म्हणजे काका किंवा संपत. तिसरा कुणी नव्हताच.

त्या दिवशी काकूंनी मला मागच्या अंगणात गाठलं. त्या वसाहतीतल्या बायकांना ब्लाऊज बेतायला शिकवायच्या. त्यांच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र होतं आणि दुपारी चार-पाच जणी हमखास असत. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी पिंपळीच्या घरात काढली होती. दोन जावा, सासू, एक चूल. “तितं मी धाकली,” त्या म्हणाल्या. “धाकले, पाणी आण. धाकले, भाकरी टाक. माझं नाव घरात कुणाला म्हाईत न्हवतं. हितं माणसं शिवणवाल्या काकू म्हणत्यात. चोळीचा गळा बिघडला की माझ्याकडं येत्यात.” मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, “पोरी, खरं सांग. त्यांना जमतंय का ते कंप्युटर?”

मी खरंच सांगितलं. संपतपेक्षा चांगलं जमतं. संपत घाई करतो, रेष चुकली की पुन्हा तीच चूक करतो. काकांचा हात आता बसलाय. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या आठवड्यात त्यांनी पुढच्या खोलीसाठी नवे पडदे शिवले, निळ्या फुलांचे.

परीक्षा ट्रेनिंग रूममध्ये सकाळी झाली. चपला बाहेर काढून दोघं आपापल्या कंप्युटरसमोर बसले. एका गिअरचं ड्रॉइंग तिन्ही बाजूंनी काढायचं, मापं टाकायची. मी मागे उभी. काकांचं काम मी बघत होते आणि मनातून सुखावत होते, कारण ते मी शिकवलेलं होतं. गोल, दाते, मधलं भोक, सगळं स्वच्छ. मापं तेवढी राहिली होती. वेळही भरपूर होता. शेजारी संपतचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याचा गिअर पडद्यावर इतका मोठा झाला होता की त्याला नुसता एक दाता दिसत होता आणि परत लहान कसा करायचा ते आठवत नव्हतं.

काकांनी त्याच्या पडद्याकडे पाहिलं. मग ते मागे रेलले.

“मॅडम,” ते म्हणाले, “आता काय सुचंना बुवा.”

त्यांनी ड्रॉइंग बंद करायला घेतलं. साठवून ठेवायचं का, असा प्रश्न पडद्यावर आला. तो प्रश्न आला की घाई करू नका, हे मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बजावत होते. काकांनी घाई केली नाही. प्रश्न वाचला आणि सावकाश ‘नाही’वर टिचकी मारली. पडदा कोरा झाला. मग वळून त्यांनी माझ्याकडे बघत मान अगदी थोडी हलवली, बोलू नकोस म्हणून. शेजारी संपतला एकदाचं आठवलं होतं, त्याचा गिअर लहान होऊन पडद्यात मावला होता. त्याचं ड्रॉइंग चुकांसकट पुरं झालं. काकांचा पडदा कोरा होता. कारखान्याच्या साहेबांनी आत येऊन पाहिलं, तेव्हा त्यांना जे दिसायचं ते दिसलं.

घरी काकूंनी दोष चष्म्याला दिला. नंबर वाढलाय, कधीचं सांगतेय, डोळे तपासा. संध्याकाळी त्यांनी काकांच्या डोक्याला तेल घातलं. “असू द्या,” म्हणाल्या, “ह्या वयात एवढं शिकलात तेच लई झालं.” काका डोळे मिटून बसले होते. ते ‘हूं’ म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हरणं मी त्यांचं रोज बघत होते, पण हरल्याबद्दलची समजूत अशी शांतपणे घालून घेताना पहिल्यांदा बघितलं, आणि ते मला बघवेना.

पुढे काय झालं ते इथेच सांगते, कारण शेवट मला त्यानं करायचा नाही. ते पिंपळीला गेल्यावर दीड-दोन वर्षांनी मी एकदा तिकडे गेले होते. बारामतीहून जवळच आहे, तरी तेवढा काळ लागला. काका गोठ्याच्या बाजूला बाजेवर बसले होते. मला बघून त्यांना फार आनंद झाला. संपतचं चांगलं चाललंय, मोठी मुलगी वर्गात पहिली आली, हे त्यांनीच मला अभिमानानं सांगितलं. खेळाच्या डब्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. पुतण्यांना शिकवून बघितलं, पण ती पोरं साहेबाला बसवू देत नाहीत, म्हणाले. काकू आतून चहा घेऊन आल्या. शिवणयंत्र कुठे दिसलं नाही. काका म्हणाले, चल, एक डाव टाकू, हिलाही बसव. काकू म्हणाल्या, भाकरी टाकायच्यात. तेवढ्यात आतून कुणीतरी ‘धाकले’ म्हणून हाक मारली आणि त्या गेल्या. मी निघेपर्यंत त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. काका मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. चालताना एकदाच म्हणाले, “ती पहिल्यासारखी बोलत न्हाय.” आणि मग उसाबद्दल बोलायला लागले.

इतका भला माणूस मला नंतर भेटलेला नाही. तरी त्यांची आठवण आली की आधी हळहळच वाटते.

क्वार्टर सोडायचा दिवस सोमवार होता. माझं उरलेलं सामान न्यायला मी बारामतीहून आले तेव्हा टेम्पो दारात लागला होता. संपत रजा टाकून आला होता. कपाटाची जड बाजू त्यानं उचलली, पलंगाचे स्क्रू त्यानं काढले. शेवटचं गाठोडं चढवून झाल्यावर तो घाम पुसत म्हणाला, “काका, शेवटी कंप्युटरनं गाठलं तुमाला.”

“गाठलं खरं,” काका हसले.

संपतलाही हसायचं होतं, पण त्याला ते नीट जमलं नाही. तो दोर आवळायला टेम्पोच्या मागच्या बाजूला गेला. आत काकू रिकाम्या खोल्या झाडत होत्या. दुसऱ्याच्या हाती जायचं घर, तरी झाडून द्यायचं होतं त्यांना. केरसुणीचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत आला होता. व्हरांड्यात काका आणि मी दोघंच.

“त्या दिवशी तू बघितलंस,” ते हळू म्हणाले. “बोलली न्हाईस, बरं केलंस.”

त्यांनी टेम्पोच्या मागच्या बाजूकडे, संपत होता तिकडे, पाहिलं.

“त्याच्या दोन पोरी शाळंत हायत. कुठं गेला असता घेऊन? आमचं काय, आमी दोघंच. गावी घर हाय, रान हाय. आन आमी जपान बघून आलो. एवढं कुणाला मिळतंय?”

जपान त्यांनी एकट्यानं बघितलं होतं.

“बरोबर बसलं का न्हाय सगळं?” त्यांनी विचारलं. डाव संपल्यावर विचारायचे तसंच, चेहरा उजळलेला, आणि मी हो म्हणेन याची खात्री असलेला.

आतला केरसुणीचा आवाज थांबला. दाराशी, अजून न काढलेल्या निळ्या फुलांच्या पडद्यामागे, कुणीतरी उभं राहिल्याचं मला समजलं. काकांची पाठ तिकडे होती. मी नेहमी बोलते त्या आवाजात बोलले असते तर ते आतपर्यंत गेलं नसतं. मी आवाज मुद्दाम मोठा केला.

“काका,” मी म्हटलं, “काकूंना विचारलं होतंत का?”